काहीच नसतं तर किती?

बाळ,

तुझा मेल वाचला. प्रबंधासाठी केलेल्या आइस हॉकीच्या मॉडेलमध्ये ‘पहिला गोल कुणाचा’ हा कॉलम घातला आणि घरच्या मैदानाचा फायदा एकदम घटला, म्हणून तू विचारतेस, ‘सर, मग हा फायदा नसतोच का?’

असतो. अगं, घरचा संघ जिंकतो तो गोल करूनच ना? पहिला गोलही त्यातच आला. ज्या वाटेनं मैदानाचा फायदा निकालापर्यंत पोचतो, ती वाटच तू अडवलीस आणि आता विचारतेस, पलीकडे माणसं कमी का पोचली. तो कॉलम काढ.

पण खरा राग आला तो पुढच्या वाक्याचा. ‘एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, पहिला गोल करणारा संघ साधारण दोन तृतीयांश सामने जिंकतो, यावरून सुरुवातीच्या गोलचा मानसिक परिणाम दिसतो.’ कुठं दिसतो? काहीच नसतं तर किती आलं असतं, हे काढलंस का?

मी काढलं. दोन तुल्यबळ संघ घे. 60 मिनिटांत दोघांचे सरासरी 3-3 गोल, कधीही पडोत. मैदानाचा फायदा शून्य, मानसिकता शून्य. पहिला गोल दहाव्या मिनिटाला पडला असं धर. उरलेल्या 50 मिनिटांचा प्वासाँ हिशेब मांड, म्हणजे सरासरीवरून किती गोलची किती शक्यता ते काढ, बरोबरी झाली तर निम्मं-निम्मं वाट. पहिला गोल करणारा सुमारे 67 टक्के वेळा जिंकतो. आले की तुझे दोन तृतीयांश, नुसत्या एका गोलच्या आघाडीतून! शिवाय, त्याच हिशेबात पहिल्या मिनिटाचा गोल 66 टक्के देतो आणि पहिला गोल पन्नासाव्या मिनिटाला पडला तर 84. लवकरचा गोल उलट कमी भरवशाचा, कारण समोरच्याला परतफेडीला वेळ उरतो.

आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फुटबॉल बघताना ‘पहिला गोल पडला, मॅच खिशात’ ऐकत तू वाढलीस, तेच या आकड्यांना चिकटवलंस. आणि पाटाकडील-दिलबहार मॅचला घरचा संघ कुठला गं? दोघंही इथलेच, मैदान एकच. घर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न कोल्हापूरच्या पोरीला तरी आधी पडायला हवा होता.

घरच्या फायद्याचं कारण म्हणून तू ‘प्रेक्षकांचा दबाव’ लिहून मोकळी झालीस. आइस हॉकीत नियमच घरच्याच्या बाजूनं आहे. खेळ थांबला की पाहुण्यांनी आपले खेळाडू आधी बर्फावर उतरवायचे. ते बघून घरचा कोच आपले बदलतो. समोर त्यांची मुख्य आक्रमक फळी आली की हा आपले सगळ्यात चिवट बचावपटू पाठवतो. याला गर्दी लागत नाही. 2020 च्या प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या, टोरांटो आणि एडमंटनला रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या, तिथं नावापुरत्या ‘घरच्या’ संघालाही हा शेवटचा बदल मिळत होता. 2020-21 च्या मोसमात बरेच सामने रिकाम्या गॅलऱ्यांपुढं झाले, पण स्वतःच्या रिंकवर, म्हणजे घरच्या बर्फाच्या मैदानावर. गर्दी, रिंक, नियम वेगळे करायचे तर इथून सुरू कर. सामने थोडे आहेत, तेव्हा प्रत्येक फरकापुढं विचार: काहीच नसतं तर एवढा फरक आपोआप आला असता का?

हा प्रश्न मी सोडत नाही म्हणून डिपार्टमेंटमध्ये मला हेकट म्हणायचे. एका पेपरवर माझं नाव नाही. हाच हिशेब आधी करू म्हणत राहिलो, सहकाऱ्याला घाई होती, मी नाव काढून घेतलं. पेपर छापून आला, त्याला बढती मिळाली. त्या नावाची खंत आजही वाटते, खोटं कशाला बोलू? पण पायाच न मोजलेल्या आकड्याखाली मी सही करणार नव्हतो, आणि आज कुणी तो पेपर समोर ठेवला तरी करणार नाही.

गाईड म्हणतील, सबमिशन जवळ आलंय. मुदत वाढवून माग, हवं तर मी त्यांच्याशी बोलतो. एम्प्टी नेटचे गोल तू वेगळे काढलेस ते फार आवडलं. मागं पडलेला संघ गोलकीपर काढून जादा खेळाडू घालतो, तिथला गोल वेगळ्याच जातीचा, हे तुला कुणी न सांगता सुचलं. हिशेबाची फाइल रविवारपर्यंत पाठव. निष्कर्षाचं पान कोरं ठेव.

तुझा,
सर