नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) ए++ श्रेणी बघून मुलीसाठी कॉलेज निवडावं का?

नुसत्या श्रेणीवर जाऊ नका. नॅकचे बहुतेक गुण कॉलेजने स्वतःच भरलेल्या स्वयं-मूल्यमापन अहवालावर ठरतात. नॅकची समिती भेटीला येण्याआधी भिंती रंगतात, प्रयोगशाळेतल्या कपाटांची कुलपं निघतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तर लाच प्रकरणात सीबीआयने अशाच एका समितीतल्या सदस्यांना अटक केली. फार वाईट वाटलं.

नॅकच्या पद्धतीत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या राधाकृष्णन समितीने श्रेण्यांऐवजी 'मान्यताप्राप्त आहे की नाही' अशी पद्धत सुचवली आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कॉलेजने दिलेली माहिती पडताळण्याची शिफारस. ती नीट अमलात आली नाही, तर नाव बदलून काय उपयोग?

तुम्ही कॉलेजच्या संकेतस्थळावरचा अहवाल उघडा, पूर्णवेळ शिक्षकांचा आकडा बघा. मग विभागात जाऊन मुलांनाच विचारा: कायमस्वरूपी किती, तासिका तत्त्वावर किती?