गोळी बंद केली तर गाठ परत होईल का?

प्रश्न: डॉक्टर, मिस्टरांच्या पायाच्या नसेत रक्ताची गाठ झाली होती, ऑपरेशन नाही, लांबचा प्रवास नाही, असंच. 6 महिने रक्त पातळ करायची गोळी झाली, आता हे म्हणतात बास झालं. परत होईल का हो?

उत्तर: ताई, गाठ कशामुळे झाली यावर बरंच अवलंबून. ऑपरेशननंतरची सहसा परत येत नाही, पण विनाकारण झालेली असली तर गोळी थांबवल्यावर वर्षभरात साधारण 10 जणांत एकाला, 5 वर्षांत चारात एकाला परत होते, त्यात पुरुषांना जास्त. थांबवून महिन्याभराने डी-डायमर (रक्तात गाठ विरघळल्याच्या खुणा मोजणारी तपासणी) करतात, वाढलेला आला तर धोका जास्त, पण नॉर्मल आला म्हणून पुरुषांनी निर्धास्त होऊ नये. त्यांना अल्सर, किडनीचा त्रास, रोजची पेनकिलर असं काही आहे का? कारण गोळीने रक्तस्रावही होतो, तेही तोलावं लागतं. मनानं बंद नको, आधी डॉक्टरांना भेटा.