आफ्रिकेत निद्रारोग पसरवणाऱ्या, रक्त पिणाऱ्या त्सेत्से माशीची मादी आयुष्यात किती पिल्लं देते? इतक्या कमी वेगाने वाढूनही ती संपत का नाही?

साधारण आठ ते दहा, तीही एका वेळी एकच. ही माशी बाहेर अंडी घालत नाही. अंडं मादीच्या गर्भाशयातच फुटतं आणि अळी आईच्या दुग्धग्रंथीच्या स्रावावर वाढते. बाहेर पडताना तिचं वजन जवळपास आईइतकंच असतं. ती लगेच सैल मातीत शिरते आणि काही तासांत तिचा काळपट, कडक कोश होतो. २५ अंश सेल्सिअसला पहिली अळी मादीच्या वयाच्या १६ ते २० दिवसांत आणि पुढची दर ९-१० दिवसांनी येते. कोशातून माशी निघायला महिनाभर लागतो. मादी बहुधा एकदाच मीलन करते, तेवढे शुक्राणू तिला जन्मभर पुरतात.

वेग इतका कमी असल्याने नैसर्गिक मृत्यूंखेरीज रोज फक्त ४ टक्के माद्या मेल्या तरी संख्या घसरू लागते. कीटकनाशक लावलेले निळे-काळे कापडी सापळे याच हिशेबावर चालतात. पण मातीतल्या कोशांपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून एकच फवारणी हमखास वाया जाते. नव्याने निघालेली मादी पहिली अळी टाकण्याआधी पुढची फेरी व्हायलाच हवी, आणि जमिनीतले सगळे कोश फुटेपर्यंत फेऱ्या थांबवायच्या नाहीत. शिवाय शेजारच्या जंगलातून माश्या परत येतात. टांझानियातल्या झांझिबारचं उंगुजा बेट १९९७ मध्ये त्सेत्सेमुक्त जाहीर झालं, त्यात वंध्य केलेले नर (ज्यांच्याशी मीलन केलेल्या मादीला पिल्लं होत नाहीत) सोडण्याइतकाच चहूबाजूंच्या समुद्राचाही वाटा होता.

हे आकडे तापमानानुसार बदलतात: २० अंशांना कोशाचा काळ दीड महिन्यावर जातो, त्यामुळे फवारणीचं वेळापत्रक स्थानिक तापमान मोजूनच ठरवावं.