फी देऊन ये

प्रिय पोरी,

गुरुवारी तू फाईल घेऊन आलीस तेव्हा अण्णा सोबत होते, म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो.

बँकेच्या कर्जासाठी केलेला तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट रात्री वाचला. अकराव्या पानावर काजू आहेत. ‘कच्च्या काजूबियांची साठवणूक’ असं स्वच्छ छापलंय. पिंपळगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये काजू कुठून आले? कोकणातल्या कुणाच्या तरी रिपोर्टमधून. तीन हजारांच्या रिपोर्टात आणखी काय मिळणार! पण काजूंचं सोड. पुढच्याच पानावर कामाचे दिवस ३०० धरलेत, त्याने माझी झोप गेली. फेब्रुवारी ते एप्रिल, फार ताणलं तर ८०-९० दिवस तुझ्या जाळ्यांवर माल असतो. बाकी वर्षभर शेडमध्ये कुत्री झोपतात. आणि असल्या कागदावर तू ३० लाख उचलून दुसऱ्या महिन्यापासून हप्ता भरणार?

तुझी ओढाताण कळते मला. एजंट म्हणतो, ३५ टक्के अनुदान काढून देतो, त्यातले १० टक्के माझे. कॅनडा कॉर्नरचे सीए म्हणतात, एवढं कर्ज घेऊच नका, आणि नीट मांडून द्यायचे १५ हजार मागतात. अण्णा म्हणतात, ‘घेऊ नका’ सांगायचे कसले पैसे? अण्णांचा राग मला समजतो. तरी सांगतो, फी देऊन ये.

अर्ज भरायला मात्र एक रुपया देऊ नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते. ३५ टक्के अनुदानाच्या त्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्जाला मदत करायला जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं. आणि अनुदान १० लाखांच्या वर जात नाही. तेही तुझ्या हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं राहतं आणि खातं सुरळीत असलं तरच कर्जात वळतं होतं. एजंट हे बोलला? नाही बोलणार. कर्ज मंजूर झालं की त्याचं काम संपलं, फेडताना तो फोनही उचलणार नाही. ज्याला तू फी देतेस त्याला ‘नको’ म्हणता येतं. एजंटला ते परवडत नाही. म्हणून म्हणतो, फी देऊन ये.

आता १५ हजारांत काय मिळतं ते बघ. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. बागाईतदाराला तू मार्चमध्ये रोख मोजतेस, माल कोल्ड स्टोरेजला टाकतेस आणि चांगला भाव धरायचा तर दिवाळीपर्यंत थांबतेस. सात-आठ महिने पैसा बेदाण्यात बसलेला. बँकेचा हिशेब सरधोपट: अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल. तुझ्या ६० लाखांवर १२ लाख. हा हिशेब पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असं धरून केलेला आहे. तुझा येतो का? नाही. हंगामी धंद्याला महिनावार रोकड मांडून जास्तीची कर्जमर्यादा मागता येते, हप्तेसुद्धा माल विकल्यावरचे लावून घेता येतात. पण हे मॅनेजरपुढे आकड्यांत मांडावं लागतं. ते तुला जमणार नाही, मला तर अजून जमत नाही.

सगळेच सीए हे करतात असं समजू नकोस. बरेचसे रिटर्न भरून मोकळे होतात. आधी विचारून घे की महिनावार रोकड मांडून देणार का, बँकेत सोबत येणार का.

मला कुणी सांगितलं नाही, असं मी लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. २०१३ साली माझ्या द्राक्षांच्या खोक्यांच्या कारखान्यात दुसरं मशीन घ्यायचं होतं. एका सीएंनी चहा पाजला, ताळेबंद चाळला आणि म्हणाले, सविस्तर बघतो, ८ हजार होतील. मी उठून आलो. टर्म लोनला, म्हणजे हप्त्याने फेडायच्या मुदत कर्जाला, वेळ लागत होता; सीसीत, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्यात, पैसे दिसत होते, मशीन सीसीतून घेतलं. दिवाळीनंतर खोक्यांसाठी क्राफ्ट पेपरची रिळं भरायची वेळ आली तेव्हा सीसीत ठणठणगोपाळ. तीन टक्के महिन्याने बाहेरून उचलले. मग २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट. द्राक्षंच राहिली नाहीत तर खोकी कोण नेणार? दुसऱ्यांची नावं छापलेली खोकी, पत्र्याला टेकलेली. रस्त्याकडेची ३० गुंठे विकली. आज तिथे लॉन्स आहे. लग्नसराईत तिथून जाताना मी उजवीकडे बघत नाही.

गारपीट कुठला सीए सांगणार होता, असं मी वीस वेळा म्हटलंय, आणि ते चूक नाही. ऑर्डरी हातात होत्या. माझ्या जागी कुणीही मशीन घेतलं असतं, अण्णांनीही. पण गारपिटीने फक्त खोकी गेली गं. जमीन गेली ती व्याजात. मशीन टर्म लोनवर असतं तर रिळांना सावकार लागला नसता. एवढं उमजायला मला सहा वर्षं लागली, आणि ८ हजार वाचवले म्हणून त्या दिवशी मी घरी जिलबी नेली होती.

तुझा बेदाणा मी चाखला. हिरवट, एकसारखा, पातळ सालीचा, गंधकाचा वास नाही. असा माल करणाऱ्या पोरीने काजूचा रिपोर्ट घेऊन बँकेत जावं, याचाच मला राग आला. तुझ्यावर नाही. बरं, थोडा तुझ्यावरही.

सोमवारी ११ ची सीएंची वेळ घेतली आहे. ती हिशेबाची लाल वही आण, जशी आहे तशी. द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलच्या चार कॅनच्या नोंदीखाली आत्याच्या नातवाच्या बारशाचे ११०० लिहिलेत, ते खोडू नकोस, त्यांना दिसू दे. अण्णांना घेऊन ये. फी तुझ्या खात्यातून दे. मी खिशात हात घालेन, तेव्हा मला थांबव.

तुझा,
काका