आधी बाटली, मग इंजेक्शन

चि. डॉक्टरीणबाईंस,

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. सर राउंडला येतात, मेरोपेनम हे मोठं अँटिबायोटिक लिहितात, तू 'कल्चर पाठवायचं का?', म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचा का, असं विचारलंस की सगळा आयसीयू तुझ्याकडे बघतो. माझं चुकतंय का, असं तू विचारलंस. नाही. पत्र इथेच संपलं असतं. पण खाली तू लिहिलंस, 'जाऊ दे, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.' त्या ओळीवर माझा चहा गार झाला.

आधी बाटली, मग इंजेक्शन. यात मी तडजोड करत नाही. अँटिबायोटिक आत गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू असला तरी बऱ्याचदा उगवत नाही.

जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या पेशंटला पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे, हे मला शिकवू नकोस. कातडी पुसून वाळू द्यायची, बाटलीचं रबर स्पिरिटने पुसायचं, दोन ठिकाणांहून रक्त घ्यायचं. हात बसलेला असला तर दहा मिनिटांचं काम. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिली. तीन मिली घालून 'पाठवलं' म्हणणाऱ्यांवर माझा जास्त राग आहे, कारण त्यांना खोटं समाधान मिळतं. आणि भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नकोस गं, कृपा कर.

मोठं औषध सुरू करायला माझी हरकत नाही. पण तिसऱ्या दिवशी ते उतरवून साधं औषध कशाच्या आधारावर देणार? कल्चर नसेल तर कुणाची हिंमत होत नाही, मग चौदा दिवस तेच चालतं. दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचार. डावणी रोगावर एकच औषध मारत राहिलं की ते लागू पडेनासं होतं, हे त्याला बागेने शिकवलंय. आपले जंतू तर त्याहून पुढचे. क्लेबसिएला प्रतिकाराचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, घेऊन शेजारच्या ई. कोलायला देते, हळदीकुंकवाला वाण द्यावं तसं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर पलंगाच्या कठड्यावर कोरडा पडून आठवडे काढतो. १९५० च्या दशकातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणून आपण माळ्यावर टाकलं होतं. ते खाली काढावं लागलं यातच काय ते समज. एकदा लॅबमध्ये येऊन प्लेट बघ. सगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी डिस्क लावलेल्या आणि एकीभोवतीही मोकळं गोल नाही, जंतू थेट कागदाला भिडलेले. मला ती प्लेट अजून स्वप्नात दिसते.

आता माझं ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, दवाखाना कुठला ते राहू दे. सुरगाण्याकडचा माणूस व्हेंटिलेटरवर होता. रक्त लॅबला आलं ते अँटिबायोटिकच्या तिसऱ्या डोसानंतर. मला फॉर्मवरून ते कळलं होतं. पाच दिवसांनी 'वाढ नाही' असा रिपोर्ट सही करून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तो कागद घेऊन पॅसेजमध्ये उभी. "बाई, जंतू नाही असं लिवलंय ना, मग हे बरे का होईना?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारा." एवढंच. अकराव्या दिवशी तो गेला. तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण तिला खरं उत्तर देणं माझं काम होतं.

त्यानंतर अशा प्रत्येक रिपोर्टवर मी लाल शाईने लिहायला लागले: 'नमुना अँटिबायोटिकनंतर घेतलेला.' वरिष्ठ चिडले, संसर्ग नियंत्रण समितीतून मला वगळलं. भांडकुदळ बाई म्हणायचे. असेन. पण वर्षभरात निम्मे वॉर्ड आधी बाटली भरायला लागले, ते काही माझ्या गोड बोलण्याने नाही. थोडं गोड बोलले असते तर उरलेले निम्मेही आले असते, असं आमच्या घरचे म्हणतात. मला पटत नाही.

तू मात्र सरांशी भांडू नकोस. विचारूही नकोस. ते ऑर्डर लिहीपर्यंत सिस्टरांना हाताशी घेऊन रक्त काढून मोकळी हो. भरलेली बाटली परत करायला कुणी सांगत नाही.

आज नाइट आहे ना? ट्रॉलीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये बाटल्या किती आहेत ते मोजून मला कळव. तारखाही बघ.

तुझी,
मॅडम