डोंगरात पहिल्यांदाच गाइड आणि गटासोबत सलग काही दिवस पळायला जाताय?

नक्की जा! वेगाची चिंता सोडा. चढ आला की सरळ चालायचं, मुरलेले धावपटूही तेच करतात. खरा कस लागतो उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळून येतं. सरावात उतार हवाच, आणि लागोपाठ दोन दिवस पळणंही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- कोरे करकरीत बूट घालून येणं
- पहिल्याच दिवशी गाइडच्या पुढे धावणं
- भूक लागेपर्यंत काहीच न खाणं

टाच चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबा. मोजा काढा, खडा झटका, टेप लावा. गट खोळंबेल म्हणून संकोचू नका. फोड आला तर उरलेले दिवस लंगडत काढावे लागतात. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर गाइडला निघण्याआधीच सांगा.