‘फ्युचरामा’चे सीझन नेमके किती?

प्रश्न : ‘फ्युचरामा’ ही अमेरिकन विनोदी विज्ञान-कार्टून मालिका पाहायला घेतली. फॉक्स वाहिनीवरचे सीझन एका यादीत चार आहेत, दुसरीत पाच. भाग दोन्हीकडे ७२च. चूक कुणाची? (नाशिक)

कुणाचीच नाही. एक मोजणी निर्मितीची आहे, दुसरी प्रक्षेपणाची. मॅट ग्रेनिंग आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांच्या चमूने १३, १९, २२ आणि १८ अशा चार खेपांत भाग तयार केले. मालिका २८ मार्च १९९९ला सुरू झाली, पण त्या मे महिन्यापर्यंत नऊच भाग दाखवले गेले. उरलेले चार पुढच्या सीझनच्या खात्यात गेले आणि तेव्हापासून दरवर्षी काही ना काही शिल्लक पुढे सरकत राहिली. त्यात रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा सामना लांबला की त्या दिवशीचा भाग रद्द. अशाने प्रक्षेपणाची वाटणी ९, २०, १५, १२ आणि १६ अशी झाली. फॉक्सवरचा शेवटचा भाग १० ऑगस्ट २००३ला लागला.

प्रश्न : मग पाहायचं कोणत्या क्रमाने? (ठाणे)

निर्मितीच्या. प्रत्येक भागाला संकेतांक असतो. पहिल्याचा १एसीव्ही०१. पहिला आकडा निर्मितीचा सीझन सांगतो, शेवटचे दोन त्यातला क्रमांक. भागांची यादी या संकेतांकाने लावून घ्या. ‘अ टेल ऑफ टू सँटाज’ या नाताळच्या भागाचा संकेतांक ३एसीव्ही०३ आहे, म्हणजे तो तिसऱ्या खेपेच्या अगदी सुरुवातीचा. प्रत्यक्षात तो २३ डिसेंबर २००१ला, प्रक्षेपणाच्या चौथ्या सीझनमध्ये लागला.

या ७२ भागांनंतर चार चित्रपट येतात : ‘बेंडर्स बिग स्कोअर’ (२००७), ‘द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स’ आणि ‘बेंडर्स गेम’ (दोन्ही २००८), ‘इंटू द वाइल्ड ग्रीन याँडर’ (२००९). ते आधी थेट डीव्हीडीवर आले. मग कॉमेडी सेंट्रल वाहिनीसाठी प्रत्येकाचे चार तुकडे करून १६ भाग बनवले. दोन्ही मिळत असतील तर अखंड चित्रपटच पाहा. तो साधारण दीड तासाचा असतो आणि त्याची लय सलग पाहण्यासाठी बांधलेली आहे. दर बावीस मिनिटांनी तोडला की गुंतागुंतीच्या कथेचा धागा हातून निसटतो.

आणि एक आग्रहाची विनंती. ‘जुरासिक बार्क’ (४एसीव्ही०७) पाहिल्याशिवाय ‘बेंडर्स बिग स्कोअर’ला हात लावू नका. मालिकेचा नायक फ्राय याच्या कुत्र्याची ती गोष्ट या मालिकेतली सर्वांत हळवी आहे आणि चित्रपट तिच्याकडे पुन्हा वळतो. क्रम उलटला तर दोन्हीकडचा जीव जातो.

प्रश्न : डीव्हीडीचा पाचवा खंड घेतला, पण त्यात चित्रपट नाहीत. (बेळगाव)

पाचवा खंड म्हणजे पाचवा सीझन नव्हे. पहिले चार खंड निर्मितीच्या सीझनशी जुळतात. चित्रपट मात्र सुटे विकले गेले, त्यांना खंड क्रमांक नाही. जून २०१० ते ४ सप्टेंबर २०१३ या काळात कॉमेडी सेंट्रलवर नवे ५२ भाग आले, तेच तेरा-तेरांच्या गटांनी पाचव्या ते आठव्या खंडात आहेत. इथवर एकूण भाग १४०.

प्रश्न : २०२३चा सीझन कुणी आठवा म्हणतं, कुणी अकरावा. (पुणे)

निर्मितीने मोजा : फॉक्सचे चार, चित्रपटांचा एक, कॉमेडी सेंट्रलचे २६-२६ भागांचे दोन, म्हणून हुलू या अमेरिकन स्ट्रीमिंग सेवेवरचा हा आठवा. प्रक्षेपणाने मोजा : फॉक्सचे पाच, चित्रपटांचा एक, कॉमेडी सेंट्रलचे चार उन्हाळे म्हणजे चार, म्हणून अकरावा. हुलू अकरावाच म्हणतं.

प्रश्न : जुन्या भागांत पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. टीव्हीचं सेटिंग बदलू का? (नागपूर)

नको. फॉक्सच्या काळातले भाग ४:३ चौकटीत काढलेले आहेत, रुंद चित्र २००७च्या चित्रपटापासून सुरू झालं. झूम केलं तर वरचं-खालचं चित्र कापलं जातं. परग्रहाच्या लिपीतल्या पाट्या बऱ्याचदा तिथेच असतात, आणि त्या उलगडून वाचण्यातच निम्मी गंमत आहे.